बिनमातीच्या पाल्यातली माती

सप्टेंबर लागला की बहारीनमधल्या खिडक्यांना बाहेरून घाम फुटतो. आत एसीचा गारवा, बाहेर समुद्रावरून आलेली वाफ, आणि मधल्या काचेवरून दिवसभर ओघळणारं पाणी. चष्मा लावून दाराबाहेर पाऊल टाकलं की समोरचं जग दुधाळ होऊन जातं. चार पावलं अंदाजाने टाकायची, मग काच पुसायची, पुन्हा चार पावलं. तापमानाचा आकडा ऑगस्टपेक्षा कमी झालेला असतो, पण अंगाला ते पटत नाही.

या दिवसांत मी कुठल्याच हिरव्या पानावर विश्वास ठेवत नाही. गुदैबियातल्या वाणसामानाच्या दुकानात कोथिंबिरीची जुडी घेतली तरी आधी उलटी करते, देठांत नख घालते. दुकानदार हसतो. ‘‘मॅडम, सब फ्रेश है.’’ मी मान हलवते आणि तरीही बघते. ही खोड मला चार वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्याने लावली. तो उन्हाळा मी तुबलीतल्या एका गोदामात काढला. तिथे आम्ही मातीशिवाय आणि उन्हाशिवाय शेती करतो.

मी कृषी पदवीधर. तासगावच्या बाजूला अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, नर्सरी आहे. वांगी, मिरची, टोमॅटो, कोबीची रोपं. लहानपणी शाळेतून आलं की दप्तर टाकून मी ट्रेमध्ये बी टोचायला बसायची. नखात माती असायचीच. लग्नानंतर शिरीषच्या नोकरीमुळे बहारीनला आले, सनाबिसमध्ये फ्लॅट घेतला, ईरा झाली, आणि ती पदवी ट्रंकेत घडी घातलेल्या शालूसारखी पडून राहिली. म्हणून त्या शेतीत नोकरी मिळाली तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं होतं. तरीही पहिल्या दिवशी आत शिरल्यावर मनात आलं, इथे काहीतरी बरोबर नाही.

दोन्ही बाजूंना गॅरेजं. बाहेर टायरचा, ऑइलचा वास, हातोड्यांचे आवाज. मधलं जाड दार सरकलं की सगळं बंद. आत जांभळट उजेड, जमिनीपासून छतापर्यंत रॅक, रॅकवर ट्रे, ट्रेमध्ये लेट्यूस. मजल्यावर मजले. माणसं इथे इमारतीत राहतात, तशी भाजीही राहत होती. मुळं स्पंजच्या ठोकळ्यातून खाली वाहत्या पाण्यात सोडलेली, आणि त्या पाण्यातच खत. एक पान तोडून मी नाकाशी धरलं. वास जवळजवळ नव्हताच. इतक्या हिरव्या जागेत एवढीशी माशी नाही, एक भोक पडलेलं पान नाही. माझ्या हाताला सवय होती ती मातीतल्या रोपांची. रोप उपटताना माती थोडी ओढून धरते, मग सोडते. इथे रोप नुसतं उचललं जायचं, कपाटातून कपडा काढावा तसं.

फोनवर अण्णांना सांगितलं तर त्यांनी सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, ‘‘वारा नाही तर खोड ताठ कसं होतं गं?’’

‘‘पंखे लावलेत अण्णा. मुद्दाम.’’

‘‘बरं. आणि हे कुणी खातं?’’

खात होते. मोठ्या सुपरमार्केटांत आमची पाकिटं जायची. पाकिटावर हिरव्या अक्षरांत लिहिलेलं असायचं: इथेच पिकवलेलं, मातीचा स्पर्श नसलेलं, फवारणी नसलेलं. ही शेती ज्यांनी काढली त्या मनाल, इथल्याच, पन्नाशीच्या. त्यांच्या आजोबांची खजुराची बाग होती आणि बागेत गोड्या पाण्याचा झरा होता. त्या लहान असताना त्यात पोहल्या होत्या. पुढे झरा आटला, बाग वाळली, तिथे घरं झाली. ‘‘आमच्याकडे पाणी नाही, जमीन नाही,’’ त्या मला इंग्रजीत म्हणाल्या होत्या, ‘‘बोट आणि विमान थांबलं तर आठवड्यात आमची ताटं रिकामी. थोड्या पाण्यात, थोड्या जागेत जे पिकेल ते माझं.’’ त्या बोलायच्या तेव्हा माझ्या शंका थोडा वेळ गप्प बसायच्या. गंमत म्हणजे मी संशय घेत होते तो पानांवर, दिव्यांवर, पाण्यावर. माणसांचा संशय घ्यायचा असतो हे तेव्हा डोक्यातही नव्हतं.

माणसं म्हणजे आम्ही बारा-तेराजण. त्यात मराठी तिघं. एक मी. दुसरे अविनाश सर, उत्पादनाचे मॅनेजर. पुण्याचे, गोरेपान, हळू बोलणारे, शब्द निवडून वापरणारे. दिवाळीच्या कार्यक्रमात निवेदन त्यांचंच. माझी मुलाखत त्यांनीच घेतली होती आणि शेवटी मराठीत म्हणाले होते, ‘‘आपलं माणूस असलं की बरं वाटतं.’’ तिसरे गोपाळदादा. संगमेश्वरकडचे, पंचेचाळिशीचे, थंड गाडीचे ड्रायव्हर. तयार पाकिटं सकाळी दुकानांत पोचवायची हे त्यांचं काम. गुदैबियात चौघांत एक खोली करून राहायचे. मला पहिल्याच दिवशी त्यांनी ‘‘वैनी’’ केलं. ‘‘वैनी, ह्या पाल्याला तुमच्याकडं काय म्हणतात ओ? आमच्याकडं असला पाला आम्ही गुरांना पण घालत नाय, रुसतील.’’ आणि स्वतःच हसायचे. अविनाश सरांसमोर मी त्या हसण्यात फारशी सामील व्हायची नाही. हे मला आत्ता, लिहिताना, स्पष्ट दिसतंय. तेव्हा दिसलं नव्हतं.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात चिलर बिघडला. पाणी थंड ठेवणारं यंत्र. बाहेरच्या त्या उकाड्यात पाणी कोमट व्हायला किती वेळ लागतो? सकाळी मी एक रोप उचललं तर खालची मुळं पांढऱ्याऐवजी चहाच्या रंगाची झालेली. बोटांत धरली तर साल निघून हातात आली. मूळकूज. अण्णांच्या नर्सरीत एखादा वाफा जायचा. इथे सगळ्या रॅकना पाणी एकच, त्यामुळे रोग पाइपांतून मजल्यामजल्यावर चढला. चार दिवसांत निम्म्याहून जास्त ट्रे काळ्या पिशव्यांत भरून टाकले. त्या दिवशी पहिल्यांदा त्या गोदामाला वास आला, सडलेल्या पाल्याचा. खोटं कशाला बोलू, मला तो वास ओळखीचा, खराखुरा वाटला.

मनाल त्या महिन्यात फारशा येत नव्हत्या. त्यांची आई हॉस्पिटलमध्ये होती. सगळं अविनाश सर बघत होते. चिलरचा भाग बाहेरून यायचा होता. ‘‘दोन आठवडे, इंशाल्ला,’’ ते म्हणाले.

पण गाडी भरून जातच होती. सुरुवातीला माझ्या लक्षात आलं नाही, कारण मी दिवसभर पाइप धूत होते. एका शुक्रवारी शिरीष, ईरा आणि मी सीफच्या मॉलमध्ये गेलो. भाजीच्या थंड कपाटात आमच्या लेट्यूसची पाकिटं ओळीने लावलेली. पूर्ण ओळ. मी थांबले. इतकी पाकिटं भरण्याइतकी रोपं आमच्याकडे उभीच नव्हती. मी एक पाकीट घेतलं. शिरीष म्हणाला, ‘‘घरचं सोडून विकत काय घेतेस?’’

दुसऱ्या दिवशी ईराच्या सँडविचमध्ये मी ते पान घातलं. तिने एक घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. ‘‘आई, देअर्स सँड इन धिस.’’

मी पान उघडून बघितलं. देठ जिथे खोडाला चिकटतो त्या खोबणीत तपकिरी काहीतरी होतं. बोटावर घेतलं, चुरडलं. आधी वाटलं, इथली धूळ असेल. पण इथली धूळ पिठासारखी, फिकट असते. ही गडद होती, ओली केल्यावर चिकट झाली. दाताखाली घेतली. कच्च. ही माती होती. कुठल्या तरी शेतातली, पाणी पाजलेली, राबवलेली माती.

ईरा म्हणाली, ‘‘इट्स जस्ट डर्ट, आई.’’

मी ते पान खाल्लं. कडवट होतं, करकरीत होतं, आमच्या पानापेक्षा चांगलं होतं, आणि ते आमचं नव्हतं. आयुष्यभर जिच्यात हात घातले ती माती मला त्या दिवशी चोरीचा पुरावा म्हणून सापडली.

कुणीतरी बाहेरचा माल आमच्या पाकिटात घालत होतं. कोण, हा प्रश्न मला पडलाच नाही असं म्हटलं तरी चालेल, कारण उत्तर आधीच तयार होतं. गाडी कोण चालवतं? गोपाळदादा. मग मला सगळं दिसायला लागलं. ते आठ दिवस नीट बोलत नव्हते. सकाळी लवकर येऊन गाडी मागच्या अंगणात लावत. एकदा मी मागे गेले तर गाडीत ओला पाला सांडलेला आणि ते एक रिकामं खोकं घाईघाईने दुमडत होते.

‘‘दादा, हे खोकं कसलं?’’

‘‘काय नाय वैनी. असंच.’’

‘‘आपल्याकडे असली खोकी नसतात.’’

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. ‘‘मला काय विचारू नका वैनी. मी डायवर माणूस.’’

बस्स, माझी खात्री झाली. कुणा व्यापाऱ्याशी संगनमत करून आमचा उरलेला चांगला माल हे भलतीकडे देतात आणि आमच्या पाकिटात हलका माल भरतात, अशी मी एक गोष्ट मनात रचली. त्या गोष्टीत मोठं भोक होतं. आमच्या लेबलचे रोल अविनाश सरांच्या कपाटात असत आणि कपाटाची किल्ली त्यांच्या खिशात. लेबल नसेल तर पाकीट कसं होणार? ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. खरं तर आली असेल, पण मी तिला तिथे थांबू दिलं नाही.

मी अविनाश सरांना सांगितलं. मातीचं सांगितलं, खोक्याचं सांगितलं, आणि नावही सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. चष्मा काढून पुसला. म्हणाले, ‘‘बरं झालं माझ्याकडे आलात. मनालना आत्ता त्रास नको, आईचं असं चाललंय. मी बघतो.’’ मी बाहेर आले तेव्हा मला हलकं वाटत होतं. आपल्या माणसाने आपलं ऐकलं.

चार दिवसांनी गाडीवर दुसरा ड्रायव्हर होता. मल्याळी, हसतमुख. मी त्याला विचारलं, ‘‘गोपाळभाई कहाँ है?’’ तो हात उडवून म्हणाला, ‘‘गोपाळ खलास मॅडम. विझा कॅन्सल. चोरी किया बोलते हैं.’’

आनंद व्हायला हवा होता, झाला नाही. दुपारी मॉलमधल्या एका ओळखीच्या बाईला फोन केला. पाकिटं आली का? आली, नेहमीसारखी. मी मागच्या अंगणात गेले. नव्या ड्रायव्हरच्या गाडीजवळ तसंच खोकं पडलं होतं. चोर गेला होता आणि चोरी चालूच होती. तेव्हा पहिल्यांदा मला त्या कपाटाची किल्ली आठवली.

त्याच संध्याकाळी, ऊन उतरताना, मी गुदैबियात गोपाळदादांची खोली शोधत गेले. शिरीष म्हणाला होता, ‘‘कशाला जातेस? तुझा काय संबंध?’’ मी चपला घातल्या. जिना अरुंद, भिंतीवर एसींच्या पाण्याचे ओघळ. दार त्यांनीच उघडलं. बॅग अर्धी भरलेली. मला बघून ते दचकले, मग बाजूला झाले. ‘‘या वैनी.’’ एक खुर्ची होती, ती त्यांनी पुसून दिली आणि स्वतः पलंगाच्या कडेला बसले.

‘‘दादा, माल कोण आणायला सांगत होतं?’’

‘‘आता विचारताय होय?’’ आवाजात राग नव्हता. तेच मला जास्त लागलं.

त्यांनी मोबाइल काढून माझ्यासमोर धरला. अविनाश सरांचा आवाज, नेहमीसारखा हळू, शब्द निवडलेला. विमानतळाजवळच्या कुठल्या शीतगृहातून किती खोकी उचलायची, किती वाजता यायचं, मागच्या अंगणातच का लावायची. असे नऊ-दहा निरोप. शेवटच्या निरोपात एक वाक्य होतं: त्या मॅडमना काही बोलू नका, त्या हळव्या आहेत.

खोलीत कुकरची शिटी झाली. कुणीतरी गॅस बारीक केला.

‘‘हे तुम्ही मला तेव्हाच का नाही दाखवलंत?’’ मी विचारलं. विचारताना माझा आवाज चढला होता, जणू चूक त्यांचीच होती.

‘‘दाखवलं असतं,’’ ते म्हणाले, ‘‘पण तुम्ही कुणाचं खरं मानलं असतंत वैनी? साहेबाचं का माझं? आणि माझं ते ओळखीचं सीपीआर कार्ड, माझा विझा, सगळं त्यांच्याच हातात. पोरगी बारावीला हाय. मी म्हटलं, गप गुमान दोन आठवडे काढू, मशीन येईल, सुटेल सगळं.’’ मग म्हणाले, ‘‘मला वाटलं व्हतं तुम्ही साहेबाला विचाराल, हे काय चाललंय म्हणून. तुम्ही माझंच नाव सांगाल असं नव्हतं वाटलं.’’

मी माफी मागितली. ‘‘जाऊ द्या’’ ते म्हणाले नाहीत. मी वाट बघत होते आणि ते म्हणाले नाहीत. चहा मात्र केला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मनालच्या घरी गेलो. त्या नुकत्याच हॉस्पिटलमधून आल्या होत्या, डोळे सुजलेले. मी सगळं सांगितलं, माझी चूक आधी सांगितली. मग गोपाळदादांनी निरोप ऐकवले, मी एकेका वाक्याचं इंग्रजी केलं. दुभाषी होणं एवढं जड असतं हे मला माहीत नव्हतं. अविनाश सरांची ती सुरेख मराठी माझ्याच तोंडून, माझ्याच शब्दांत, उघडी पडत होती. मनाल मध्येच एकदा म्हणाल्या, ‘‘थांब.’’ खिडकीशी गेल्या. वळल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, ‘‘लोकांना मी सांगत होते की हे आमच्या बेटाचं आहे.’’

अविनाश सरांनी काही नाकारलं नाही. मला ऑफिसात बोलावून म्हणाले, ‘‘भाजीची थंड कपाटं रिकामी राहिली असती तर दुकानांनी आपल्याला काढून टाकलं असतं. तुमच्यासकट सगळे घरी बसले असते. मी ही जागा वाचवत होतो.’’ आणि मला वाईट याचं वाटतं की ते पूर्ण खोटं नव्हतं. मनालनी दुकानांना खरं लिहून कळवलं तेव्हा दोन मोठ्या दुकानांनी आमचा माल बंद केला, तो कायमचा. निम्मे रॅक आजही रिकामे आहेत. माझ्यासोबत काम करणाऱ्या चौघांना जावं लागलं, आणि त्यांनी कुणाचंच काही बिघडवलं नव्हतं.

अविनाश सर महिन्याभरात दुसऱ्या देशात चांगल्या नोकरीवर गेले. आमच्या मराठी मंडळींनी त्यांना निरोप दिला, शाल आणि श्रीफळ. मी त्या हॉलमध्ये मागच्या रांगेत बसले होते. टाळ्या वाजल्या तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘‘किती सज्जन माणूस नाही?’’ मी काही बोलले नाही. तिथे बोलायला हवं होतं, असं आजही वाटतं. मग वाटतं, मागे एकदा बोलले होते, तेव्हा कुणाचं नाव घेतलं होतं?

आता कुणी विचारतं, ती इमारतीतली शेती खरी का? मी सांगते, पान खरं आहे. पाणी खरंच कमी लागतं, फवारणी खरंच नसते. वीज मात्र किती लागते हे विचारा, आणि ती वीज एक दिवस गेली तर काय होतं हेही विचारा. शहरं अशीच जगणार असतील तर जगोत. पण पाकिटावरची हिरवी अक्षरं छापतं कोण, ते जरूर विचारा. अण्णांचा वाफा गेला की तो रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसायचा. आमचं गोदाम बंद दाराआडचं. तिथे काय मेलं आणि काय जगलं, हे दाराच्या आतल्या माणसाने सांगितलं तरच कळतं.

मनालनी गोपाळदादांचा व्हिसा पुन्हा लावून दिला. कामावर या म्हणून स्वतः फोन केला. मला वाटलं, ते येणार नाहीत. आले. पहिल्या दिवशी गाडी भरून झाली आणि त्यांनी मला हाक मारली. मागची दोन्ही दारं सताड उघडलेली.

‘‘वैनी, आत बघून घ्या.’’

‘‘अहो दादा, काहीतरीच काय.’’

‘‘नाय, बघा. तुम्ही बघितल्याबिगर मी गाडी काढणार नाय.’’

मी बघितलं. त्यांनी दारं लावली आणि निघून गेले. मला वाटलं, एक-दोन दिवस चालेल, मग राग ओसरेल. पण तो राग आहे की सावधपणा, की त्यांनी मला दिलेली शिक्षा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. चार वर्षं झाली. अधूनमधून ते थट्टाही करतात, लेकीच्या लग्नाचे फोटो दाखवतात, गावाहून येताना माझ्यासाठी कोकम आणतात. आणि तरी रोज सकाळी गाडी भरली की दारं उघडतात, दोन पावलं बाजूला सरकून उभे राहतात. एकदा मी म्हटलं, ‘‘आता पुरे ना दादा.’’ ते म्हणाले, ‘‘बघा वैनी.’’

मी वाकते. थंड वाफ तोंडावर येते. खोकी एकावर एक, नीट, सगळी आमचीच. मी शेवटच्या खोक्यापर्यंत बघते, कारण मध्येच थांबले तर ते हलत नाहीत. आणि मी बघत असते तोवर गोपाळदादा माझ्याकडे पाहत नाहीत.